टकळीचे खरे सोबती

तिचं तोंड क्षणभर मिटत नसे म्हणून घरात सगळे तिला टकळी म्हणत. पण वर्षातला एक दिवस तिला तोंडाला कुलूप घालावं लागे, आणि तो नेमका तिच्या वाढदिवसाचा.

त्याचं असं झालं. टकळीच्या आत्याचे यजमान कारखान्यातल्या अपघातात भर दुपारी गेले, आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यात टकळी जन्मली. बहिणीवर आभाळ कोसळलेलं असताना ही बातमी कोणत्या तोंडानं सांगायची? बाबांनी ती दुसऱ्या दिवशी सांगितली, “आज सकाळी मुलगी झाली, ताई.” तेवढी एक थाप. पण पुढे ती मागे घ्यायला कुणाची जीभ रेटेना.

गंमत म्हणजे आत्या रेडिओवर दिनविशेष वाचायची. आजच्या दिवशी कुठला पूल खुला झाला, कोण जन्मलं, कोण गेलं. जगाचे वाढदिवस तिला तोंडपाठ, घरातला तेवढा चुकीचा. यजमान गेले त्या तारखेला मात्र ती दर वर्षी रजा घेऊन भावाकडे येऊन बसे. त्या दिवशी घरात रेडिओ बंद, आणि आईनं शिवलेला टकळीचा नवा फ्रॉक ट्रंकेत बंद.

टकळीला नऊ वर्षं पुरी झाली, त्या संध्याकाळी आत्यानं तिला खिडकीशी ओढून घेतलं. उद्याच्या वाढदिवसाला तिची दर वर्षी एकच भेट असे, त्या तारखेला जन्मलेल्यांची नावं.

“उद्या तुझ्याबरोबर कोण कोण जन्मलंय, सांगू? एक मोठा गणिती, एक समुद्र पोहून गेलेली बाई...”

“गेल्या वर्षीही हेच होते.”

“मग? माणसं काय दर वर्षी नव्यानं जन्मतात?”

टकळीनं आईकडे पाहिलं. आई भाजी चिरता चिरता डोळे वटारत होती. पण तो गणिती नि ती पोहणारी बाई आपले कुणीच नव्हेत, हे टकळीला आता सोसवेना.

“आत्या, आजचे कोण गं?”

आईची सुरी थांबली.

“आजचे कशाला तुला?”

“असंच.”

आत्याचा सगळा जन्म तारखांत गेलेला. तिनं एकदा टकळीकडे पाहिलं, एकदा तिच्या आईकडे. “वहिनी, ही कधी झाली?”

आईला रडूच फुटलं. “तुमच्यापुढे कसं सांगणार होतो, वन्सं?”

“म्हणजे इतकी वर्षं या पोरीनं माझ्यापायी आपला दिवस गिळला? हिनं? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिनं?”

“चुकलं, ताई,” बाबा दारातूनच म्हणाले.

“चुकलंच. दुखलं असतं मला, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी हाती धरायला काहीतरी मिळालं असतं.” आत्या उठली. “फ्रॉक कुठाय?”

फ्रॉक घड्यांसकट अंगात चढला. मग आत्यानं स्वतः रेडिओ लावला. संध्याकाळी दिनविशेष पुन्हा लागत असे. तिच्या जागी आलेला माणूस धापा टाकत वाचत होता. “मेल्याच्या पाठीस वाघ लागलाय,” आत्या पुटपुटली. एक नकाशे काढणारा, एक सर्कशीतली घोडेस्वार बाई, एक व्हायोलिन वाजवणारा. टकळी श्वास रोखून ऐकत होती. हे आपले!

आत्यानं आवाज बारीक केला आणि आपल्या रेडिओच्या आवाजात म्हणाली, “आणि आमची टकळी.”

मग तिनं तो पुन्हा मोठा केला, कारण गेलेल्यांची नावं राहिली होती. तीही तिनं शेवटपर्यंत ऐकली. “आणि आमचे हे,” ती म्हणाली. या वेळी आवाज रेडिओचा नव्हता.

“आतोबांना कळलं असेल, मी झाले ते?”

“त्यांना कुणी थाप मारली नव्हती ना,” आत्या म्हणाली, आणि रडता रडता हसली.

पुढल्या वर्षी आत्यानं रजा घेतली नाही.

आता टकळीचे केस पांढरे झालेत. वाढदिवशी सकाळी ती आधी आतोबांच्या फोटोला फूल वाहते, मग आत्याच्या. आपल्या सर्वांत वाईट दिवसात जिनं भाचीला सरकून जागा करून दिली, तिचे उपकार फेडायचे तरी कसे? एखादा नातू फोनवर म्हणतो, “आजी, आज गडबड आहे, उद्या निवांत बोलू का?”

“उद्या नको रे,” टकळी सांगते. “उद्याची माणसं वेगळी. आजच बोल.”