उसनं लंगडणं

फाल्गुन उताराला लागला की पांगारवाडीच्या माळावर पानं उरत नाहीत. उरतो तो नुसता रंग. निष्पर्ण, कंटकित, राखाडी पांगाऱ्यांच्या शेंड्याशेंड्यांवर रक्तवर्ण तुरे पेटतात, आणि तिसऱ्या प्रहराचं ऊन त्या तुऱ्यांतून गळून खाली येतं तेव्हा वाटेवरच्या धुळीच्याही गालांवर लाली चढते. वर ज्वाला, खाली धूळ, आणि मधे मधुपानमग्न साळुंक्यांचा कलकलाट. कुणाची तरी चूक उघडी पडावी आणि साऱ्या माळानं लाजावं, असा तो लाल.

त्या लालीतून एक माणूस चालत येत होता. एक पाऊल सरळ, एक पाऊल ओढत. एक सरळ, एक ओढत.

अंकुश शेलार. गिटार गळ्यात अडकवली की हजारोंच्या छातीत वीज सोडणारा, पन्नाशीतही खांद्यावर केस रुळवणारा, एवढ्या उन्हातही काळं चामडी जाकीट न उतरवणारा अंकुश शेलार. मोटार त्यानं फाट्यावर सोडली होती. गिटार मोटारीतच होती. आणि फाट्यावर, दोन बांबूंना ताणलेल्या कापडावर, शेंदरी अक्षरांत त्याचं पाप वाऱ्यानं फडफडत होतं: 'जखमी सैनिक व थोर कलावंत अंकुश शेलार यांचे फौजींच्या पांगारवाडीत हार्दिक स्वागत.'

जखमी सैनिक. त्यानं ते दोन शब्द वाचले, आणि उजवा पाय सवयीनं आणखी थोडा ओढला गेला.

त्याचं लंगडणं प्रसिद्ध होतं. मंचावर धूर सुटायचा, दिवे निळे व्हायचे, आणि त्या नीलधूसर अंधारातून आधी त्याचं पाऊल ऐकू यायचं. ठप्... सर्रर. ठप्... सर्रर. ड्रमवाला तोच ठेका उचलायचा आणि मैदान उसळायचं. निम्मी गाणी त्या ठेक्यावर उभी होती. शहरातली धडधाकट पोरं कॉलेजचे जिने एक पाय ओढत चढू लागली होती. मुलाखतीत कुणी विचारलं की तो खाली बघायचा, मंद हसायचा, म्हणायचा, "फौजेत होतो. तिथलं आहे." एवढंच. पुढचं लोकांनी आपापल्या मनानं रचलं. कुणी त्यात बर्फ घातला, कुणी सुरुंग. त्यानं फक्त नाही म्हटलं नाही. एकदा डॉक्टरांनी एक्स-रे काढला होता. त्यात हाड कसं, तर शंखासारखं शुभ्र, शंखासारखं निष्कलंक. हाडांना खोटं बोलता येत नाही, तेवढीच त्यांची अडचण.

फौज त्याच्या आयुष्यात होती ती अवघे सात महिने.

बाप तालुक्याच्या गावी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एकोणिसाव्या वर्षी अंकुशनं ते क्लॅरिनेट कुणाला तरी देऊन गिटार आणली, आणि दुसऱ्या दिवशी बापानं त्याला दंडाला धरून भरतीच्या रांगेत उभं केलं. "आता तिथं वाजव," म्हणाला, आणि वळून न बघता गेला.

छावणीत गिटार कोठारात गेली, कुलपात गेली. उरली ती परेड, उरला तो डावा-उजवा. अंकुशचा पाय पडायचा, पण पडताना कुठलं तरी गाणं शोधायचा. कवायत घेणारे उस्ताद ओरडायचे, "शेलार, ही वरात न्हाई! नवरदेवाच्या घोड्याम्होरं नाचल्यागत चालू नको." सारी रांग हसायची. हसायचा नाही तो एकटा संपत जगदाळे.

संपत म्हणजे त्याचा जोडीदार. छावणीत रंगरूटांच्या, नव्या भरतीतल्या पोरांच्या, जोड्या लावायचे: खाट शेजारी, ताट शेजारी, आणि शिक्षाही शेजारीच. एक चुकला की दोघांनी भोगायचं. संपत पांगारवाडीचा. आजा फौजी, बाप फौजी, दोन्ही चुलते फौजी. त्याचं चालणं असं, की पुढच्या जमिनीनं आपण होऊन सपाट व्हावं.

दुपारच्या विसाव्याच्या तासाला अंकुश मच्छरदाणीची दोरी आपल्या खाटेच्या दांड्याला बांधायचा, दुसरं टोक संपतच्या खाटेला, आणि ताण देऊन बोटानं छेडायचा. त्या दोरीतून निघणारा मुका, भ्रमरासारखा गुणगुणाट संपतच्या लोखंडी खाटेत शिरायचा, खाटेतून त्याच्या कण्यात शिरायचा. संपत कूस बदलायचा. पुटपुटायचा, "झोप की, लेका." दोरी मात्र त्यानं एकदाही सोडली नाही.

कसमेच्या परेडला एकोणीस दिवस उरले होते. ध्वजावर हात ठेवून शपथ घेतली की रंगरूटाचा शिपाई होतो. त्याआधी एक लांब चाल. दहा कोस, पाठीवर ओझं, खांद्यावर रायफल. जोडीतला एक मागे राहिला की दोघेही नापास.

कोरड्या नदीचं पात्र लागलं. वाळू पांढरी, ऊन पांढरं, आभाळसुद्धा रंग उडालेलं. त्या शुभ्र, निर्दय शुभ्रतेत अंकुशनं आठवडाभर मनात घोटलेलं केलं. खाली बसला. उजवा घोटा धरला. कळवळला. बेत सोपा होता: जायबंदी पाय, सुटकेचा कागद, घर, गिटार. त्या बेतात संपत कुठेच नव्हता. एकोणिसाव्या वर्षीच्या बेतात दुसरं माणूस मावत नाही.

संपत वळला. क्षणभर त्या पायाकडे बघत राहिला. मग वाकला. दोघांची ओझी त्यानं छातीशी बांधली, दोन्ही रायफली गळ्यात घातल्या आणि अंकुशला पाठीवर घेतलं. एक कोस. वाळूतून एक कोस. अंकुशला त्याच्या मानेवरून ओघळणारा घाम दिसत होता, त्याच्या फासळ्यांतला भाता ऐकू येत होता. प्रत्येक पावलाला शब्द ओठांशी येत होते: खाली ठेव मला, मी चालतो. प्रत्येक पावलाला ते त्यानं गिळले. पैलतीराचा चढ चढताना संपतच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. आवाज बारीक होता. गिटारची तार तुटते, तसा.

अंकुशच्या कागदावर लिहून आलं, 'शिपाई होण्याची शक्यता नाही.' संपतच्या कागदावर, 'शरीराने अपात्र.' एकाच आठवड्यात दोघे आपापल्या घरी गेले. अंकुश लंगडतच घरात शिरला, बापाला खोटं पचावं म्हणून. पुढे मंचावर लंगडला. पुढे पुढे तर घरात एकटा असतानासुद्धा. खोट्याला रोज थोडं चालवून आणावं लागतं, नाहीतर ते आखडतं.

एकतीस वर्षांत त्यानं संपतला एक ओळ लिहिली नव्हती. आणि यंदा पांगारवाडीच्या सरपंचांचं पत्र आलं: होळीला रजेवर आलेल्या फौजींचा मेळावा, संध्याकाळी सहाला, आपण यावे. गावाचं नाव त्यानं दोनदा वाचलं. तो आला होता ते एकच ठरवून. मंचावर पाय ठेवायच्या आधी संपतला गाठायचं, आणि जे एकतीस वर्षं गिळलं ते त्याच्यापुढे ओकायचं.

गावात शिरताना काळ्या पाषाणाचा स्तंभ लागला. घराघरातल्या फौजींची नावं त्यावर कोरलेली. जगदाळे चार होते. आजा होता, बाप होता, दोन्ही चुलते होते. संपत नव्हता. दगडावर जागा शपथ घेतलेल्यांना; संपतची शपथ एकोणीस दिवस अलीकडे राहून गेली होती. अंकुशनं त्या चार नावांखालच्या कोऱ्या, थंड, गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. तिथलं पाचवं नाव आपणच खोडल्यासारखं वाटलं त्याला.

संपतची पिठाची गिरणी गावाच्या टोकाला, एका वाकड्या पांगाऱ्याखाली. दारात डब्यांची रांग, आणि त्या डब्यांवर झाकणं बसवत उभी असलेली एक ठेंगणी, तरतरीत बाई.

"या," ती म्हणाली. "पोस्टरात उंच दिसता."

"तुम्ही..."

"ह्यांची मंडळी. शालन. तुमचं गाणं कुठं लागलं का आमचे हे गिरणी चालू करत्यात. दळण असू दे, नसू दे. मागं एकदा तर मोकळीच फिरवली. जातं झिजलं, म्हणून मी बोलले, तर म्हणाले, झिजू दे."

ती हसली, पण वाट देताना तिची नजर त्याच्या उजव्या पायावर थबकली, आणि हसू तिथंच थांबलं.

आत सगळं शुभ्र होतं. भिंती शुभ्र, कोळिष्टकं शुभ्र, छपराच्या फटीतून उतरलेले उन्हाचे खांब पिष्टधूलीनं भरून शुभ्र. आणि त्या शुभ्रतेत पापण्यांपर्यंत पांढरा झालेला, डाव्या पायावर भार न देता उभा असलेला संपत. अंकुशला ती नदी आठवली. तीच पांढरी वाळू. जणू हा माणूस त्या पात्रातून अजून बाहेर पडलाच नव्हता.

संपतनं पट्टा उतरवला. गिरणी घरघरत, कण्हत, हळूहळू गप्प झाली. अंकुश दोन पावलं पुढे आला. गाणी लिहिणारा माणूस. वाटेत बारा वाक्यं रचून आणलेली. राहिलं ते चार शब्दांचं.

"पाय दुखत नव्हता, संपत."

संपत जात्याच्या तोंडावरचं पीठ कुंच्यानं झाडत राहिला. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. दुपारचा झोपलास का ह्याच पायानं खाटंवर ठेका धरायचास. नदीतबी घोटा धरून कळवळत हुतास, आन् अंगठा आपला हलतूय. दुखत्या पायाचा अंगठा असा नाचत नसतो, गड्या."

"मग उचललंस कशाला मला?"

कुंचा थांबला. "सोडून गेलो असतो तर दोघंबी नापास. आन् पाय खोटा असला तरी रडू खरं हुतं तुझं." त्यानं कुंचा जात्याच्या कडेवर आपटून झाडला. "वाटलं, चार पावलं न्यावं. मग लाजंल आन् आपसूक उतरंल."

बाहेर एक फूल पत्र्यावर पडलं. टप्.

"उतरला न्हाईस," संपत म्हणाला.

आवाज चढला नव्हता. त्यात राग असता तर अंकुशला धरायला काहीतरी मिळालं असतं. ते दोन शब्द त्या शुभ्र, निस्तब्ध खोलीत पिठासारखे हळूहळू खाली बसत राहिले. त्याच्या केसांवर, जाकिटावर, निर्दोष घोट्यावर.

"मला माफ..."

"ते मला इचारू नको. गुडघ्याला इचार. थंडीत बोलतो त्यो."

शालननं पितळी तांब्यातून पाणी आणलं. अंकुशनं ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि घटाघटा पिताना पाणी सांडून पिठात लहानलहान खळगे पडले. दूर शाळेच्या पटांगणात ढोल घुमू लागला. मेळाव्याची वेळ होत आली होती.

संपतनं खुंटीवरची टोपी घेतली. "चल. मीबी येतो. एक मातूर हाय." दारात तो उभा राहिला, लाल उजेडाकडे तोंड करून. "माझ्या गावात लंगडायचं न्हाई. हितं लंगडा मी एकटा हाय."

"साऱ्या गावासमोर? ते कापडावर..."

"वाचलंय म्या. आता ते खोडायला शिडी कोण लावंल? तूच चालून खोड."

आणि ते निघाले.

संध्यारुण वाटेवर, पांगाऱ्यांच्या ज्वालामंडपाखालून, दोघे शेजारी शेजारी. अंकुशनं उजवा पाय उचलला. उचलून सरळ टाकला. किती साधी गोष्ट, आणि किती अवघड. एकतीस वर्षं ज्या पायाला टाळ्या मिळाल्या त्याला टाळ्यांशिवाय चालता येईना. तिसऱ्या पावलाला तो ओढला गेला. सातव्याला पुन्हा. खोटं हाडापर्यंत पोचलेलं नव्हतं, पण स्नायूंत मुरलं होतं, रक्तात तालासारखं भिनलं होतं.

"शेलार," संपत पुढे बघतच म्हणाला, "वरात न्हाई ही."

अंकुशच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं, आणि डोळ्यांतून दुसरंच. त्यानं पाऊल सरळ टाकलं. पुन्हा सरळ. पुन्हा.

पटांगणाच्या तोंडाशी दुतर्फा फौजी उभे होते. रजेवरचे ताठ, तरणे. निवृत्तीतले वाकलेले, छातीवर पदकं लावून. चालण्यावरून माणूस ओळखणारं गाव ते. आधी एक म्हातारे सुभेदार गप्प झाले. त्यांची नजर अंकुशच्या चेहऱ्यावरून उतरली, गुडघ्यावर आली, घोट्यावर आली, आणि तिथून शेजारच्या पिठाळ, ओढल्या जाणाऱ्या पायाकडे गेली. मग पुन्हा अंकुशच्या पायाकडे. शांतता रांगेतून वाऱ्यासारखी पसरत गेली. ढोल थांबला. सरपंचांनी हार उचललेले हात तसेच हवेत राहिले. घालावा की घालू नये, ते त्या हातांना कळेना.

अंकुशला परत फिरावंसं वाटलं. धावत फिरावंसं, आता तर धावताही आलं असतं. तो चालत राहिला. खाली मान, सरळ पाय. या क्षणी साऱ्या मुलखात त्याच्याइतका उघडा माणूस नव्हता, आणि त्याचं उघडेपण झाकायला संपतनं काही केलं नाही. फक्त शेजार सोडला नाही.

मागे वाटेवर, गळलेल्या लाल पाकळ्यांच्या धुळीत, पावलांच्या दोन रांगा उमटत आल्या होत्या. एक पिठाची, शुभ्र, तुटक, ओढलेली. एक कोरी, सरळ, अनोळखी, शरमेनं खोल रुतलेली. दोन खाटांमधे कधीकाळी ताणलेल्या त्या मुक्या दोरीसारख्या, अंतर राखून, सोबतीनं जाणाऱ्या. वरून पांगारा गळत होता, फुलामागून फूल, आणि त्या नि:शब्द गावात ऐकू येत होती फक्त चार पावलं. दोन एकाची, दोन दुसऱ्याची.

एक ओढत, एक सरळ. एक ओढत, एक सरळ.