दोन ओळींमधलं

सरांना सरळ वाक्य कधी पचलंच नाही. नववीला एक जुनी कादंबरी नेमलेली होती. तिची नायिका शेवटी अबोला धरते, भरल्या ताटावरून उठते आणि घर सोडून जाते. त्यावर सर दरवर्षी फळा भरून टाकत : अन्नाचा त्याग म्हणजे घराचा त्याग. यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, तिला नुसतं बरं नसलं तर?" सरांनी तिला खाली बसवलं. "दोन ओळींमधलं वाचायला शिक," असं वर ऐकवलंही.

आणि त्याच संध्याकाळी बायको ताटावरून उठली. "दाढ ठणकतेय हो," म्हणाली.

सरांचा घास हातातच राहिला. नायिका खरं कारण कधीच सांगत नाही, हे त्यांनीच मुलांना लिहून दिलं होतं! दुसऱ्या दिवशीही तेच. बोलणं 'हं' आणि 'अंहं'वर आलेलं. सरांचं धाबं दणाणलं. तास नसताना ते शिक्षकांच्या खोलीत बसून मनातल्या मनात स्वतःचं स्वभावचित्रण करू लागले. नवरा : दुय्यम पात्र, स्वतःला नायक समजणारं. घरीही वर्गात बोलल्यासारखं बोलतो. समोरच्याला प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. उदाहरणं इतकी भराभर सुचली, की पूर्ण गुण द्यावे लागले. पण ती खरंच गेली तर? या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. 

घरी येऊन चपला न काढताच ते स्वयंपाकघरात शिरले. "माझंच चुकलं गं. मी तुला गृहीत धरलं. तुझ्या मौनातला आक्रोश मला कळलाय. पण जाऊ नकोस."

ती गालावर हात धरून वळली. गाल चांगलाच सुजला होता.

"जायला तर हवंच," ती कशीबशी म्हणाली. "दाताच्या डॉक्टरांकडे. मला एकटीला भीती वाटते. कालपासून सांगतेय, दाढ ठणकतेय. दोन ओळींमधलं सगळं वाचता तुम्ही. ओळी कधी वाचणार?"

सर ओशाळले. आणि त्यांना इतकं हायसं वाटलं, की डोळेच भरून आले.

दवाखान्यात खुर्चीवर बसल्यावर तिनं त्यांचा हात घट्ट धरला. या पकडीचा अर्थ सरांच्या अगदी जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"दुखतंय?"

"हो."

 सरांनी हात सोडला नाही.