सात मिनिटांची भेट

"मावशी, पाचच मिनिटं हो! आत्ता कुठं बाळ त्याच्याकडे बघून हसलंय."

मावशींचा घंटेकडे गेलेला हात खाली आला. तिसऱ्या खिडकीवरची पोरगी कडेवरचं मूल काचेला टेकवून उभी होती. पलीकडे तिचा नवरा रिसीव्हर कानाला लावून नुसताच हसत होता. अशा वेळी घंटा वाजवायला काळीज दगडाचं लागतं. मावशींचं तसं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातून अभिमानही होता.

त्या तुरुंगातल्या शिपाई. भेटीच्या खोलीत एकोणीस वर्षं त्यांचंच राज्य. खिडक्या चार, वेळ दहा ते एक, आणि कुणी किती बोलायचं हे कुठंच लिहिलेलं नाही. मावशी माणूस बघून ठरवायच्या. रडणारीला अर्धा तास, लांबून आलेल्याला थोडं जास्त, आणि आरडाओरडा करणाऱ्यालाही, कटकट नको म्हणून, जास्तच. जाताना लोक तोंडभरून आशीर्वाद देत. घरी नवरा चेष्टा करायचा, "पगार सरकारचा आणि पुण्य तुझं. बरं जमवलंयस!"

मग वरून पत्र आलं. प्रत्येक भेटीला किमान वीस मिनिटं मिळावीत असा नियम करायचं घाटत होतं. तर माणसं किती वाढवावी लागतील, खर्च किती येईल, ते कळवा. त्यासाठी दोन आठवडे प्रत्येक भेट घड्याळ लावून लिहायची होती. मावशींनी इमानेइतबारे लिहिली.

शेवटच्या दिवशी डबा खाऊन त्या बेरजा करायला बसल्या. तिसऱ्या खिडकीवरच्या पोरीपुढे पस्तीस, तेहतीस, चाळीस, छत्तीस. मग नजर चौथ्या खिडकीच्या ओळीवर गेली. सात, सहा, सात, आठ.

चौथ्या खिडकीवर एक म्हातारा सुतार यायचा. मुलगा दोन वर्षं आत होता आणि खटल्याला नुसत्या तारखा पडत होत्या. म्हातारा कधी रडला नाही, कधी काही मागितलं नाही. गर्दी वाढली की मावशी त्याच्याकडे नुसतं बघायच्या आणि तो उठायचा. "भला माणूस हो," असं त्या घरीसुद्धा सांगायच्या.

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. कान गरम झाले. एकोणीस वर्षं आपण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवत आलो, आणि वर आशीर्वादही घेतले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

हेडक्लार्कनं कागद पाहून कपाळाला हात लावला. "मावशी, एवढं खरं कशाला लिहिलंत? सगळ्यांपुढे वीस-वीस मारा. खर्च शून्य, वरचे खूश, आपण मोकळे."

"आणि हा सात मिनिटांवाला?"

"त्यानं तक्रार केलीय का?"

"नाही ना. तेच तर."

"अहो, सात बघितल्यावर विचारतील, खोलीवर कोण होतं म्हणून."

"मी होते," मावशी म्हणाल्या, आणि कागद तसाच पुढे सरकवला.

पुढच्या भेटीच्या दिवशी वरच्या उत्तराची वाट न बघता त्यांनी आपल्यापुरता नियम सुरू केला. वीस म्हणजे वीस. तिसऱ्या खिडकीवर घंटा वाजली तशी पोरगी कळवळली, "मावशी, पाचच मिनिटं!"

"वीस झाली, बाळ. बाहेर माणसं खोळंबलीत."

"आणि मी मावशी म्हणत होते तुम्हाला!" मूल खांद्यावर टाकून ती निघून गेली. मावशींनी पुढचं नाव पुकारलं.

चौथ्या खिडकीवर म्हातारा नेहमीची तीन वाक्यं बोलला. तब्येत, वकील, तारीख. सात मिनिटं झाली आणि तो आपणहून उठला.

"बाबा, बसा. अजून तेरा मिनिटं आहेत."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "का हो? लांब कुठं हलवताय का त्याला?"

"नाही हो."

"मग काही वाईट बातमी?"

"काही नाही. तुमचाच वेळ आहे. बोला."

तो सावकाश बसला. रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. आत मुलगाही गोंधळून बघत होता. मग म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"आई रागावलेली नाहीये रे," तो म्हणाला. मागे उभ्या असलेल्या मावशींना शब्दन् शब्द ऐकू येत होता. "तिला दिसत नाही आता. वर्ष झालं. तिला इथवर आणू कशी? तुला सांगायचं रोज ठरवायचो. पण एवढं सांगून लगेच उठायचं कसं?"

मुलानं कपाळ काचेला टेकवलं. म्हातारा त्याला समजावत राहिला: ती चहा स्वतः करते, दारापर्यंत भिंत धरून जाते, तुझ्या शर्टाच्या घड्या अजून तीच घालते.

वीस झाली. मावशींचा हात घंटेवर गेला आणि तिथंच राहिला. पण म्हाताऱ्याची पाठीमागच्या सावलीशी जुनी ओळख होती. त्यानं रिसीव्हर ठेवला, काचेवर एकदा तळवा टेकला आणि उठला.

दाराशी त्यानं हात जोडले. "म्हणजे एवढा वेळ असतो होय भेटीला?" त्यानं सहज विचारलं. आवाजात तक्रार नव्हती.

मावशींना हो म्हणवेना. त्यांनी त्याच्यासाठी दार धरून ठेवलं.