गप्प शनिवार

पाच वर्षांच्या पोरांच्या फुटबॉलमध्ये गोल मोजत नाहीत, हा लोरेटाचा पहिला नियम. आठवडाभर शाळेच्या कँटीनमध्ये दोनशे पोरांना जेवू घालायचं आणि शनिवारी सकाळी गावच्या मैदानावर साठ चिमुरड्यांना चेंडूमागे सोडायचं, हे ती अकरा वर्षं करत होती, तेही फुकट. पोरं तिला कधी जड गेली नाहीत. जीव खाल्ला तो आईबापांनी. घडीच्या खुर्च्या टाकून, कॉफी घेऊन बसायचे आणि एकदा बोंबलायला लागले की वाटावं, ह्यांचं पोरगं विश्वचषकच हरतंय.

त्यातही डर्क म्हणजे कहर. धिप्पाड माणूस, खुर्चीला कधी टेकला नाही. रेषेच्या कडेने आपल्या पोराच्या, एमेटच्या बरोबरीने पळायचा आणि तोंडाचा पट्टा चालू. डावीकडे वळ, थांब, पायाशी आहे, आता मार, बाजूला पोरगी आहे, सांभाळ. एमेट बिचारा शब्दाबरहुकूम हलायचा, मान सदा बापाच्या आवाजाकडे कललेली. ते लोरेटाला बघवायचं नाही. तिचा बापही असाच होता, त्याच्या धाकापायी तिने खेळ सोडला होता. ह्या पोराचं तसं होऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

म्हणून तिने गप्प शनिवार जाहीर केला. आसपासच्या गावांत वर्षातून एकदा पाळतात तो. आईबापांनी चकार शब्द काढायचा नाही, हव्या तर टाळ्या वाजवायच्या. प्रत्येकाला तोंडात धरायला एकेक लॉलीपॉप. डर्कला तिने आदल्या शनिवारीच बाजूला घेतलं होतं. मला एकट्याला ह्यातून सोडा, असं तो चक्क अजिजीने म्हणाला होता.

"तुम्हालाच तर सोडायचं नाहीये," ती म्हणाली. "एक शब्द निघाला, की एमेटचा सीझन संपला समजा."

तो काहीतरी सांगणार होता, पण ती ऐकायला थांबलीच नाही.

खेळ सुरू झाला आणि मैदानावर अशी शांतता पसरली, की पोरांचं खिदळणं पार्किंगपर्यंत ऐकू जात होतं. लोरेटाला अगदी गार वाटलं. एमेट तेवढा एका जागी उभा होता. चेंडू त्याच्या बुटाला लागून गेला, त्याला पत्ताच नाही. होईल सवय, आता कुठे स्वतःच्या डोक्याने खेळतोय, असं तिने स्वतःला समजावलं. पलीकडे डर्क मुठी आवळून उभा होता, कपाळावर घाम. खरं सांगायचं तर, ते बघून तिला जरा बरं वाटलं.

मग पोरांचा घोळका गोलकडे धावला. त्या पायांच्या आवाजामागे एमेटही जोरात धावला, आणि सरळ लोखंडी खांबावर जाऊन आदळला.

डर्क धावला तोही मुकाट. लोरेटा बर्फाची पिशवी घेऊन पोचली, तोवर पोराची भुवई फुटून रक्त येत होतं. पण एमेट त्यासाठी रडत नव्हता. हाताने चाचपत त्याने बापाचा शर्ट शोधला.

"बाबा, तू घरी गेला होतास?"

"नाही रे राजा. इथेच होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

डर्कच्या तोंडात अजून लॉलीपॉपची काडी होती. ती काढून त्याने खाली मान घालूनच लोरेटाला सांगितलं. एमेटला फक्त समोरचं बशीएवढं दिसतं, कडेचा सगळा अंधार, आणि तो दरवर्षी आत सरकतोय. आधीच्या गावात फॉर्मवर खरं लिहिलं, तर तिथल्या क्लबवाल्यांनी गोड बोलून वाटेला लावलं. म्हणून इथे आजाराचा रकाना कोराच ठेवला.

"आणि तुम्ही म्हणालात, एक शब्द निघाला की सीझन संपला," तो म्हणाला.

तो कोरा रकाना लोरेटाने पाहिला होता. एका शब्दाने विचारायचं तिला सुचलं नव्हतं. रेषेवर सगळे आईबाप लॉलीपॉप तोंडात धरून तिच्याकडे बघत होते. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती गुडघ्यांवर बसली.

"एमेट, चूक माझी आहे, बाळा. बाबांना मीच गप्प बसवलं. आता ते बोलतील. रक्त थांबलं की पुन्हा खेळशील ना?"

एमेटने विचार केला.

"नको," तो म्हणाला. "मी पळताना बाबा परत गप्प झाला तर?"

आणि मुठीत धरलेला बापाचा शर्ट त्याने गाडीपर्यंत सोडला नाही.