थोरल्या दिरांचं नाव

तुरुंगाच्या अंगणात कैदी चिखलात उकिडवे बसले होते आणि डेल्मा सिस्टर दारातून एकेकाला नावाने हाक मारत होती. एचआयव्हीचा निकाल बरा असो की वाईट, आत प्रत्येकाला सारखाच वेळ बसवायचं आणि सारखाच चहा द्यायचा, म्हणजे बाहेर कुणाला काही कळत नाही. एवढं करूनही गेल्या खेपेला घोळ झालाच. एकाला तिच्याऐवजी वॉर्डर टिमोनने बोलावून आणलं, तेवढ्यावरून बाकीच्यांनी ओळखलं आणि त्याची चटई संडासापाशी फेकून दिली. तो अजून तिथेच झोपतो.

सकाळपासून बोलून तिचा घसा बसला होता. तिने निकालाचं पुढचं पाकीट उघडलं. निकाल वाईट होता, आणि नाव तिच्या थोरल्या दिरांचं. आमच्या डोंगरात बाई दिराचं नाव घेत नाही, मेली तरी नाही.

टिमोन तिच्याच गावचा. त्याने पाकिटावर नजर टाकली. "मी बोलावू का, सिस्टर? तुला कसं जमणार?"

"तू गप उभा राहा," ती म्हणाली, आणि अंगणाकडे तोंड करून ओरडली, "याकासा!"

 अंगणात एकच हशा उसळला. "सिस्टरने लाज सोडली रे! याकासा, आता दंडाचं डुक्कर वसूल कर तिच्याकडून!"

याकासा काळाठिक्कर पडून आत आला आणि रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसला. तिनेही पाठ फिरवली आणि निकाल सांगितला. गोळ्या रोज घेतल्या तर पुष्कळ जगाल, म्हणाली. बाहेर अजून डुकराचीच थट्टा चालली होती. ती ऐकता ऐकता तिने स्वतःच नाव का घेतलं ते त्याला उमगलं.

"लाकाइनला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. लाकाइन तिचा नवरा.

"नाही सांगणार, भावजी."

संध्याकाळी ती घरी पोचली, तर बातमी आधीच पोचली होती. लाकाइन चुलीपाशी बसला होता. "चारचौघांत दादाचं नाव घेतलंस? का? कारण तरी सांग."

ती खूप दमली होती. रताळी राखेत सारत म्हणाली, "तोंडातून निघून गेलं."

"माझ्या भावाची अब्रू घालवलीस तू."

"हो," डेल्मा म्हणाली.