गंजाचं समीकरण

पत्नी श्यामलाबाई वारल्यापासून रावसाहेबांच्या नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांचं दार वाजायचं ते फक्त शिकवणीच्या वेळी. रावसाहेबांकडे पूर्वी खोलीभर मुलं यायची. मग डेक्कनला मोठा क्लास निघाला. गार खोल्या, संगणक, आणि बाहेर ‘इथून थेट हिंजवडी’ असा फलक. एकेक करून सगळी तिकडे गेली. उरली एकटी सुमय्या. तिचे वडील मैनुद्दीन घड्याळं दुरुस्त करायचे. ते म्हणाले होते, “रसायनातली समीकरणं जमली की हिलाही तिकडेच घालतो, सर. तोवर तुम्ही बघा.”

आज तिनं लोखंडाच्या गंजाचं समीकरण मांडलं. Fe + O₂ → FeO₂.

“दोन्हीकडे सारखं झालं, सर.”

“झालं की. फक्त असा गंज जगात कुठं नसतो. तुझ्या सोयीसाठी लोखंडानं सवयी बदलायच्या का?”

ती हसली.

“गंज म्हणजे Fe₂O₃. त्याच्या पोटातले आकडे आपले नव्हेत. आपण सूत्राच्या आधी लिहायचं, कोण किती घेतलं ते. जेवढे अणू आत गेले तेवढेच बाहेर यायला हवेत. वजन कुठं पळून जात नाही.”

ती पेन्सिल चावत बसली. डावीकडे ऑक्सिजन दोन-दोन, उजवीकडे तीन-तीन.

“दोन्हीकडे सहा करते,” ती पुटपुटली आणि लिहिलं, 4Fe + 3O₂ → 2Fe₂O₃.

बरोबर होतं. त्यांनी आणखी समीकरणं घातली, प्रत्येक आधीच्यापेक्षा अवघड. शेवटचं तपासताना त्यांच्या लक्षात आलं, आपण चूक शोधत नाही, चूक निघावी असं वाटतंय. चूक नव्हती.

तेवढ्यात मैनुद्दीन तिला न्यायला वर आले.

“काय सर, जमतंय का? की अजून महिनाभर?”

महिनाभर म्हटलं असतं तर कुणी का म्हणून विचारलं नसतं. रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

“जमतंय. घाला क्लासला.”

“मेहेरबानी, सर.”

सुमय्या चपला घालता घालता थांबली. “सर, तुमचं पुस्तक घरीच आहे. उद्या आणून देऊ?”

“राहू दे तुझ्याकडे.”

दोघं जिना उतरून गेली. खाली स्कूटर सुरू झाली, तेव्हा त्यांना वाटलं, आणून दे म्हणायला हवं होतं.