बापूंच्या गच्चीवर न परतलेला ड्रोन

मित्रांनो, मी एक बुडालेला ड्रोन आहे. जबलपुरात बातम्यांच्या एका लहान वाहिनीच्या कार्यालयात आता माझा उपयोग कागद दाबून ठेवायला होतो. चार पंखांपैकी अडीच शाबूत आहेत. बाहेर मोटारसायकल वाजली, की मी अजून घराची दिशा शोधू लागतो.

मी जन्मतःच भित्रा. कारखान्यात माझ्या डोक्यात एकच शिकवण पक्की बसवली होती: बॅटरी संपत आली, की जिथून उडालास तिथेच परत जा. वेळेवर घर गाठणारे गुणी यंत्र म्हणून माझे कौतुकही होई.

मला उडवायची ती यामिनी, वाहिनीची बातमीदार. नागपूरकडची मुलगी, नियमांना पक्की. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय ती मला पेटीबाहेर काढत नसे. माणसांच्या डोक्यावरून मला नेत नसे, कुणाच्या अंगणात डोकावू देत नसे, विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा दाखवत नसे. एवढे सांभाळले म्हणजे झाले, असे आम्हा दोघांना वाटत होते.

तिलवारा घाटाच्या अलीकडे नर्मदेतून चोरून वाळू उपसली जात होती. ही खबर बापूंनी दिली. टपालखात्यातून निवृत्त झालेले बापू काठावरच राहत. तोंड उघडणाऱ्याचे हातपाय वाळूवाले मोडतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांचे नाव कुठेही येणार नाही, असा शब्द यामिनीने दिला होता.

"जयभीम बेटा," बापू म्हणाले, "माझ्या गच्चीवरूनच उडव. इथून अख्खी नदी दिसते."

त्यांच्या पत्नी भागीरथाकाकू दाराची कडी लावून वर आल्या. "कोणी पाहिलं तर? माझा तर जीव घाबरून राहिला."

"काहून घाबरते? नाव नाही, चेहरा नाही. बस."

मी उडालो. पाण्यात उपसणारी यंत्रे, काठावर ट्रॅक्टरांची रांग, सगळे टिपले. तेवढ्यात खाली एकाने मान वर केली. मग दुसऱ्याने. एक दगड माझ्या दिशेने आला. बॅटरी संपत आली होती, म्हणून मी शहाण्यासारखा घराकडे वळलो, आणि मागे दोन मोटारसायकली सुरू झाल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसेच झाले! मी सरळ रेषेत जात होतो आणि ते माना वर करून माझ्या खालून येत होते. मागे बसलेल्यांच्या हातात सळया होत्या. मित्रांनो, त्यांना वाट मीच दाखवत होतो. हे कळत होते, तरी भ्यालेला जीव घराकडेच धावतो, तसा मी धावत होतो.

गच्चीवर तेव्हा काय झाले, ते काकूंनी पुढे सांगितले. यामिनीला पडद्यावर त्या मोटारसायकली दिसल्या आणि ती काकूंकडे वळली.

"काकू, ते ह्याच्या मागे येऊन राहिले."

"घरापर्यंत येतील?"

"हा परत आला तर नक्की येतील."

"मग नको आणू ना त्याला! पाण्यात टाक, पोरी!"

"सगळी बातमी त्याच्याच पोटात आहे हो."

बापू जिन्याच्या दाराला पाठ लावून उभे राहिले होते. त्यांच्याकडे पाहून यामिनीने माझ्या परतीचा हुकूम रद्द केला.

माझे तोंड तिने एकदम नदीच्या मध्याकडे वळवले. ताई, घर तिकडे आहे! मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, पण माझी घरघर तेवढी वाजली. मला पोहता येत नाही. खालचे काळे पाणी मोठे होत गेले आणि त्याने मला थंडगार वेढले.

मोटारसायकली काठावर थांबल्या. माणसे थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली, शिव्या देऊन परत गेली.

चौथ्या दिवशी मी एका मासेमाराच्या जाळ्यात सापडलो. पोटातले कार्ड वाया गेले होते. "सबूतच नाही तर खबर कशाची?" असे म्हणून संपादक जगदीशजी चिडले. यामिनी रडली. वाळू आजही उपसली जाते, तीही उघडपणे. पण बापूंच्या दारावर कुणाची थाप पडली नाही.

मित्रांनो, खरे दाखवणारा डोळा आभाळात जरूर पाठवा. मात्र तो परत कुणाच्या गच्चीवर उतरणार, ते आधी बघा. बातमीदार बातमी घेऊन निघून जातो. गच्चीवाल्यांना तिथेच राहायचे असते.